आशाचा पाय, माझा ट्रक

बुधवार, ३ ऑक्टोबर

आशाला आपला ट्रक चालवता येणार नाही, हे आज नक्की झालं. बन्सीनं शेजारी बसून सगळं स्वतः पाहिलं आणि दुजोरा दिला.

बन्सी माझ्या चुलत बहिणीचा मुलगा. पैठणला त्याच्या दोन गाड्या आहेत आणि तिसरी म्हणून त्याला माझी हवी आहे. आशा नापास झाली तरच गाडी विकायची असं ठरलं आहे. पण त्याच्या निकालाशी या गोष्टीचा काही संबंध नाही. मुलगा सरळ आहे. उतरता उतरता त्यानं क्लचचं पायडल हातानं जरा हलवून बघितलं, स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "मामा, गाडीत काहीच खोट नाय. पोरीच्या पायात जोर नाय."

दुजोरा हा शब्द मी पेपरकडून घेतला. बरीच वर्षं पेपरचे गठ्ठे वाहिले, आणि गठ्ठे चढेपर्यंत त्यातलाच एक वाचत बसायचो. कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, हे लिहिल्याशिवाय बातमी होत नाही. दैनंदिनीतही मी तो नियम पाळतो.

तर हकीकत अशी. माझा डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता ट्रक बंद. मी बन्सीला निरोप धाडला. तेवढ्यात आशा, माझी धाकटी, चिकलठाण्याच्या कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, "आबा, गाडी विकू नका. मी चालवते." नोकरी आधी सोडली, मग विचारलं. हा स्वभाव तिच्या आईचा.

तिच्याकडे हेवीचं लायसन आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या ट्रकवर पहिल्याच वेळी पास झाली. पण स्कूलची गाडी वेगळी आणि बापाची वेगळी. म्हणून मी अट घातली: दसऱ्याच्या आत भरलेली गाडी दौलताबादच्या घाटातून गिअरचा आवाज न करता वर न्यायची. नेली तर गाडी तिची. नाही नेली तर दसऱ्याच्या मुहूर्तावर बन्सीची, आणि तिनं कंपनीच्या दारात परत उभं राहायचं. परत घेतील का, ते तिचं नशीब.

आज हर्सूलच्या नाक्यावर तिनं दुसरा गिअर टाकला तेव्हा गाडी अशी किंचाळली, की चहाच्या टपरीवरचे सगळे लोक कप घेऊन बाहेर आले.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

सावंगीच्या अलीकडच्या मोकळ्या मैदानावर आशाला घेऊन गेलो. शिकवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. स्वतः चालवून दाखवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून तोंडानं शिकवलं.

"पायडल पुरतं दाब. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटतात, मग गिअर बदलतो. न दाबता टाकलास तर दातावर दात बसतात."

"पुरतंच दाबतेय आबा. फळीला टेकलं पायडल."

"मग टेकून अजून दाब."

"फळी फोडू का?"

उलट बोलणं येतं, गिअर येत नाही. तिसऱ्या गिअरसाठी दोन्ही हात लावावे लागले तिला. घामानं भिजली. मला वाईट वाटलं, पण शिकवताना दाखवू नये.

पायडलाला मी बांधलेल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीकडे बोट करून ती म्हणाली, "हे कशाला?" मी सांगितलं, पायडल ढिलं लोंबायचं, चालताना खडखड वाजायचं, पट्टी बांधल्यापासून वाजत नाही. अशा बारीक गोष्टी मालकालाच सुचतात. ती पट्टीकडे बघत राहिली.

शनिवार, ६ ऑक्टोबर

काही विशेष नाही. आशाच्या पिंढरीला तिची आई म्हाळसाबाई तेल चोळत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणत होती, "पोरगी ट्रॅक्टर चालवती तवा हिचा पाय लई मजबूत असतो बया. ट्रकात बसली की कसा काय मोडतो?"

प्रश्न मला नव्हता, म्हणून उत्तर दिलं नाही.

सोमवार, ८ ऑक्टोबर

आशा सकाळीच शहरात जाऊन आली. ड्रायव्हिंग स्कूलच्या ट्रकवर पुन्हा एकदा बसून बघितलं म्हणाली. तिथं गिअर बोटानं पडतो. मी म्हणालो, पडणारच. त्या गाड्या रोज शिकाऊंच्या हाताखाली असतात, पार लोणी झालेल्या असतात. खऱ्या गाडीला अंगची मस्ती असते.

ती म्हणाली, "तिथं पायडलावर पाय ठेवला की लगेच वजन लागतंय, आबा. आपलं निम्म्यापर्यंत रिकामंच जातं. काही नसल्यासारखं."

"तेवढी सवलत आहे म्हण की," मी म्हणालो. "निम्मं पायडल फुकट दाबून मिळतंय."

म्हाळसाबाई आतून हसली. कशाला, ते कळलं नाही. मी काही विनोद केला नव्हता.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

आज डॉक्टरांचं ऐकलं नाही. शिकणाऱ्याला एकदा तरी उस्तादाचा हात दिसला पाहिजे.

हर्सूलहून सावंगीपर्यंत मीच चालवली. एकही गिअर वाजला नाही. आमचे वडील मेंढरं राखायचे. अंधारात नुसत्या खुरांच्या आवाजावरून सांगायचे, कळपात कोणतं लंगडतंय. तोच कान माझ्याकडे आला. इंजिनाचा आवाज एका ठिकाणी येतो, तिथं गिअर आपणहून आत जातो. जोर लावायचा नसतो.

ही विद्या मी तिला सगळी सांगितली. गाडी नेहमी उताराला लावावी, म्हणजे सुटताना त्रास नाही. सपाटीला लावली असेल तर इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाकून ठेवावा आणि मग स्टार्टर मारावा. गाडी उडी घेते पण सुरू होते. सिग्नलला चांगला ड्रायव्हर थांबतच नाही. लांबून लाल दिसला की हळूहळू सरकत राहतो, पोहोचेपर्यंत हिरवा होतो.

आशा मात्र रस्त्याकडे न बघता सबंध वेळ माझ्या पायाकडे बघत होती. शिकताना लक्ष कुठं असावं हे तिला कळत नाही. मैदानावर पोहोचल्यावर म्हणाली, "आबा, तुम्ही क्लच दाबताच कुठं?"

"मग काय करतो?"

"पाय ठेवता. नुसता. जसं पाटावर ठेवावा."

मी सांगितलं, गुडघा दुखायला लागल्यापासून पाय हलकाच ठेवतो, पण क्लच दाबला जातोच. नाहीतर गिअर पडले असते का? त्यावर ती म्हणाली, "तेच तर मी म्हणतेय."

याचा अर्थ काय, ते विचारायच्या आत खाली उतरली. येताना गाडी मीच आणली. घरापुढं उताराला लावली.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

दौलताबादला फजिती झाली. कुणाची, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

गाडीत वाळू भरली होती. आशा चालवत होती, मी मधे, बन्सी दाराशी साक्षीदार म्हणून. शहरातून बरी नेली. किल्ल्याखालच्या जुन्या वेशीच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो आणि लगेच चढ लागतो. समोरून पर्यटकांची जीप वेशीत शिरली, म्हणून तिला थांबावं लागलं. थांबायचं नसतं, हळूहळू सरकत राहायचं, हे मी मंगळवारीच सांगितलं होतं. पण जीपवाल्यानं ते ऐकलेलं नव्हतं.

थांबली ती थांबलीच. पहिला गिअर काही केल्या पडेना. नुसता करकराट. मागं खुलताबादकडे जाणारी एसटी, तिच्यामागं दोन लग्झरी, सगळ्यांचे भोंगे. रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. त्यातली भागूबाई, बाकीच्या तिला हाका मारत होत्या म्हणून नाव कळलं, पुढं येऊन म्हणाली, "ट्रक बिघडलाय का रुसलाय गं? रुसला असंल तर सीताफळ चार त्याला."

मी आशाला म्हणालो, "सरक." आणि स्वतः बसलो.

आता जे झालं ते प्रामाणिकपणे लिहितो. माझ्याकडूनही पडला नाही. चढ होता, वाळू होती, मागं भोंगे वाजत होते, आणि इंजिनाचा आवाज ऐकू येईल अशी शांतता नव्हती. शेवटी बन्सीला चाकामागं दगड लावायला उतरवलं, इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि स्टार्टर मारला. गाडीनं उडी घेतली, दगडाचा एक तुकडा एसटीच्या दिशेनं गेला, आणि आम्ही वर चढलो. भागूबाईनं टाळ्या वाजवल्या. बन्सी मागून पळत आला.

वर गेल्यावर बन्सी धापा टाकत म्हणाला, "मामा, आता कशाला पोरीचे हाल? दसऱ्याला येतो, गाडी घेऊन जातो."

मी आशाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी असावं, पण मी मधे बसलो नव्हतो, नीट दिसलं नाही. मी बन्सीला म्हणालो, "ये."

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

सिल्लोडहून आप्पासाहेबांचा फोन. त्यांचा मका बाजारात यायला लागलाय. दरवर्षी माझीच गाडी लागते. विचारत होते, यंदा गाडीवर कोण? मी म्हणालो, कळवतो. ते म्हणाले, लवकर कळवा, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल.

आशानं फोन ऐकला. जेवली नाही.

शनिवार, १३ ऑक्टोबर

सकाळी चहा घेताना घरापुढं ओळखीचा आवाज आला. स्टार्टर, उडी, आणि गाडी उतारावरून निघाली. मी काठी शोधून बाहेर येईपर्यंत ट्रक वळणावर गेला होता.

"कुठं गेली?" मी विचारलं.

"कोण?" म्हाळसाबाई म्हणाली.

"ट्रक!"

"अगंबाई, ट्रक गेला व्हय?"

दुपारी पत्ता लागला. गफूर मिस्त्रीकडे. गफूर आणि मी जुने दोस्त. माझ्या गाडीचं इंजिन त्याच्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. रिक्षा करून गेलो तर आशा ट्रकाखाली, गफूर ट्रकाखाली, आणि चौघांचे पाय बाहेर, कारण कारागिरांपैकी आणखी दोघं गंमत बघायला खाली शिरले होते.

गफूर बाहेर आला. मला बघून हातातली पिन नाचवायला लागला. "अरे सूर्यभान, ये देख. क्लच हैच कहाँ तेरी गाडी में? तू तो बातां करके चला रा था!"

क्लचच्या पायडलाखालच्या दांडीत ही पिन असते. पायाचा जोर पुढं पोहोचवायचं काम तिचं. ती मधोमध झिजून करंगळीसारखी बारीक झाली होती, आणि ज्या बुशात, म्हणजे कड्यात, बसते त्या बुशाचं भोक अंडाकृती. त्यामुळे पायडल अर्ध्यावर जाईपर्यंत नुसती ढिलाईच भरून निघायची आणि उरलेल्या अर्ध्यात क्लच पुरता सुटायचा नाही. सुटला नाही की गिअर जड. गफूरच्या आधी हे आशानं ओळखलं होतं, असं गफूर म्हणाला. तिनं स्कूलच्या गाडीचं आणि आपल्या गाडीचं पायडल दाबून फरक ताडला होता आणि ट्रक आणताच सांगितलं, चाचा, पायडलाखालची पिन बघा. गफूरनं फक्त दुजोरा दिला.

माझी ट्यूबची पट्टी त्यानं दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "गाडी बच्ची के माफिक रो री थी, और इसने मूँ में बोळा ठूँस दिया!"

मी म्हणालो, "मला कधी त्रास झाला नाही."

"तुला कशाला होईल? तू तर वापरतच नव्हतास." खालचं झाकण काढून त्यानं मला वाकून बघायला लावलं. "क्लचची प्लेट बघ. नवीच्या नवी. दुकानात परत देता येईल."

कारागीर हसले. आशा हसली नाही. तिनं कपाळावरचं ग्रीस बाहीनं पुसलं आणि ते आणखी पसरलं.

गफूरकडून एक गोष्ट मात्र कळली, ती इथं मुद्दाम नोंदवतो. बन्सी गेल्या आठवड्यात त्याच्याकडे येऊन गेला होता. मामाच्या गाडीला पिन आणि बुश बसवायला किती वेळ लागेल, सामान मिळतं का, असं विचारत होता. गाडी अजून त्याची झाली नाही, तरी त्याला एवढी काळजी. मला भरून आलं. घरी येऊन म्हाळसाबाईला सांगितलं तर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचं मन लई मोठं हाय."

सोमवार, १५ ऑक्टोबर

गाडी तयार झाली. पिन नवी, बुश नवे, ढिलाई काढून पायडल नीट बसवलं. आशानं मैदानावर फिरवली. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. आवाज नाही. मी कान देऊन ऐकत होतो, एखादा तरी चुकेल म्हणून. इतके दिवस मी जे घसा फोडून सांगत होतो ते शेवटी तिच्या डोक्यात शिरलं. शिकवणं कधी वाया जात नाही.

मग म्हणालो, "मीही बघतो, मिस्त्रीनं काम कसं केलंय."

मिस्त्रीचं काम मला तितकंसं पटलं नाही. पायडलावर नेहमीसारखा पाय ठेवला की इंजिन मोकळं सुटून ओरडतं, उचलला की गाडी बोकडासारखी उसळते. एकदा बंद पडली. पुन्हा पडली. नंतर गिअरच्या वेळी आवाज ऐकून टाकायला गेलो, तर आवाज यायच्या आधीच गिअर पडला आणि माझा हात पुढं गेला.

"आबा, पाय एक तर पुरता दाबा, नाहीतर काढून घ्या," आशा म्हणाली.

"मला सांगू नकोस."

"बरं."

पुन्हा बंद पडली. इतकी वर्षं या गाडीनं मला असं वागवलं नव्हतं. मी खाली उतरलो आणि म्हणालो, गुडघा दुखतोय. दुखतही होता.

आशानं मला हात देऊन डाव्या बाजूच्या सीटवर चढवलं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण त्या बाजूनं रस्ता असा निवांत कधी पाहिला नव्हता. कडेच्या गोष्टी फार दिसतात तिथून.

बुधवार, १७ ऑक्टोबर

उद्या दसरा.

सकाळी वाळू भरून दौलताबादला गेलो. मी, आशा, आणि या वेळी साक्षीदार म्हणून म्हाळसाबाई, कारण बन्सीचा फोन लागला नाही. वेशीपाशी समोर कुणी नव्हतं. रस्ता मोकळा. मी म्हणालो, "चल, नशीब चांगलंय, सरळ काढ."

आशानं चढावरच गाडी थांबवली. कुणी अडवलं नव्हतं, आपणहून. हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आबा, नंतर म्हणाल रस्ता मोकळा होता."

मग क्लच दाबला, पहिला टाकला, आणि ट्रक चढावर सरकला, जसा भरलेला माठ बाई डोक्यावरून न हिंदकळता नेते तसा. भागूबाईनं पाटीमागून ओळखलं आणि ओरडून विचारलं, "रुसवा गेला काय?" म्हाळसाबाईनं खिडकीतून डोकं काढून उत्तर दिलं, "रुसवा गेला, आता बापाचा काढायचाय!"

वर पोहोचेपर्यंत माझा डावा पाय प्रत्येक गिअरला समोरच्या पत्र्यावर दाबला जात होता, पुरता. ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

अट म्हणजे अट. परतताना गाडी उभी करायला लावून मी आप्पासाहेबांना फोन केला. म्हणालो, मक्याला गाडी येईल. ते म्हणाले, ड्रायव्हर कोण? म्हणालो, माझी मुलगी. ते म्हणाले, "गिअर वाजवते का?" दौलताबादची बातमी सिल्लोडपर्यंत गेली होती. मी म्हणालो, "नाही. वाजवायचा तो मी." आशा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती, की रडत होती; या वेळी मी शेजारीच बसलो होतो, तरी सांगता येणार नाही.

परवा सिल्लोडची पहिली खेप.

संध्याकाळी बन्सीला फोन केला. तो एवढा खुशीत होता की मला मधे बोलताच येईना. उद्या सकाळी झेंडूचा मोठा हार घेऊन येतोय. येताना एसटीनं येतो, जाताना गाडी घेऊनच जायचंय ना, म्हणाला. मी कसंबसं सांगितलं, की क्लच नीट झाला, पिन बदलली. तो एकदम गप्प झाला. गाडी नीट झाल्याचं ऐकून त्याला गहिवरून आलं असावं. पुढचं सांगणार तेवढ्यात फोन कट झाला. मग लागलाच नाही.

म्हणजे आता उद्या समोरासमोरच सांगावं लागेल. म्हाळसाबाई त्याच्यासाठी पुरण जास्त घालणार आहे. हार वाया जाणार नाही, गाडीची पूजा आहेच. जेवून तो परत पैठणला कसा जाणार, एवढीच मला काळजी होती, कारण सणाच्या दिवशी एसटीला उभं राहायला जागा नसते. आशा म्हणाली, "बन्सीदादाला पैठण रोडच्या नाक्यापर्यंत मी सोडते. ट्रकनं."